केसाहून पातळ चकाकी

काळ्या किंवा गडद निळ्या रंगाची मोटार रात्री दारात उभी असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून तिच्या बॉनेटवर धरा. उजेडाच्या ठिपक्याभोवती बारीक, गोल रेघांचं एक कडं दिसेल, जणू कुणी कंपास घेऊन वर्तुळं काढली आहेत. आता टॉर्च हळूच डावीकडे सरकवा. सगळी वर्तुळं टॉर्चबरोबर सरकतात! खरोखर कोरलेली असती तर ती जागा सोडून हलली असती का?

बॉनेटवर वर्तुळं नसतातच. तिथे असतात हजारो सूक्ष्म ओरखडे, उभे, आडवे, तिरके, सगळ्या दिशांचे. पण प्रत्येक ओरखडा उजेड ठरावीक दिशेलाच परतवतो. प्रतिबिंबाच्या भोवती जे ओरखडे नेमके आडवे पडलेले असतात तेच आपल्या डोळ्याकडे चमकतात, बाकीचे अंधारात राहतात. चमकणारे तेवढे जोडले की डोळ्याला वर्तुळ दिसतं. गॅरेजवाले याला ‘स्वर्ल’ म्हणतात. यातले बहुतेक ओरखडे रस्त्यावर नव्हे, घरी, गाडी पुसताना पडलेले असतात. ज्या हाताने आपण प्रेमाने गाडी चकाकवतो त्याच हाताने तिची चकाकी थोडी थोडी पुसली जाते, ही मला या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

मुळात चकाकी म्हणजे काय, हे समजून घ्यायला नगरसारखं दुसरं गाव नाही. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी बोलताना अजून नगरच येतं, तेव्हा नगरच म्हणतो. इथे चिलखती दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे आणि 1994 मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय आहे. या संग्रहालयात रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्टवर बांधलेली एक चिलखती गाडी आहे. सिल्व्हर घोस्ट हे नाव ज्या मूळ गाडीमुळे पडलं ती 1907 मधली, अॅल्युमिनियम रंगात न्हालेली, चांदीचा मुलामा दिलेल्या दांड्या-दिव्यांची. जगभर गाजलेलं ते लखलखीत नाव इथे लष्कराच्या गाडीला चिकटलं आहे. आणि लष्करी गाडीची गरज नेमकी उलटी असते, तिने चमकायचंच नसतं. रणांगणावर उन्हाची एक तिरीप परतली तरी मैलावरून गाडी दिसते. म्हणून लष्करी रंग मुद्दाम खरबरीत ठेवतात. रंगद्रव्य तेच असलं तरी पृष्ठभाग खडबडीत असेल तर उजेड चहूकडे विखुरतो आणि गाडी निस्तेज दिसते. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर उजेड एकजुटीने परततो आणि त्यात आपला चेहरा दिसतो. चकाकी रंगात नसते, ती सपाटपणात असते. आणि हा सपाटपणा प्रकाशाच्या लहरीच्या मापाने मोजावा लागतो, म्हणजे सुमारे अर्ध्या मायक्रॉनच्या. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

आता या मापाने गाडीच्या अंगावर काय काय चढवलेलं असतं ते बघू. पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावला मोटारींचा कारखाना आहे. तिथे काय किंवा जगात कुठे काय, रीत साधारण एकच. पत्र्याचा अख्खा सांगाडा आधी फॉस्फेटच्या द्रावणात न्हातो. मग तो रंगाच्या हौदात बुडवतात आणि त्यातून वीज सोडतात. विजेच्या ओढीने रंगाचे कण सांदीकोपऱ्यात, हात पोचणार नाही तिथेही जाऊन चिकटतात. हा थर गंजापासून वाचवतो. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग, जो अवघा 15-20 मायक्रॉन असतो, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, साधारण 40-50 मायक्रॉनचा. आपला केस सरासरी 70 मायक्रॉन धरा. म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसाहून पातळ अशा, ज्याला स्वतःचा रंगच नाही अशा थरात राहते. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्यंही त्याच थरात मिसळलेली असतात. गॅरेजमध्ये ‘कंपाउंड मारून’ गाडी नवी करून देतात तेव्हा ओरखडे बुजत नाहीत, त्यांच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्यांच्या तळाशी आणला जातो. गाडी खरंच चकाकते, पण दर वेळी त्या 40-50 मायक्रॉनांतून काही खर्ची पडतात, आणि ते परत मिळत नाहीत. म्हणून दर दिवाळीला रबिंग-पॉलिश करून घेणं मला पटत नाही.

नगरची धूळ या थराशी कशी वागते? जिल्ह्याखाली बेसाल्टचा, आपल्या काळ्या पाषाणाचा, जाड थर आहे. रस्त्याची खडी त्याचीच, खडीवरून ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या गेल्या की उडणारी पूडही त्याचीच. खनिजांचा टणकपणा मोजायची 1 ते 10 अशी एक मोजपट्टी आहे. तिच्यावर आपलं नख अडीचच्या आसपास, काच साडेपाच, बेसाल्टमधली मुख्य खनिजं सहाच्या आगेमागे आणि गारगोटी 7. क्लिअर कोट हे शेवटी एक प्लास्टिक, या दगडांच्या मानाने फारच मऊ.

त्यात नगर हा कारखान्यांचा जिल्हा. प्रवरानगरला 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे जिल्हाभर धुराडी दिसू लागली. गळीत हंगामात वाऱ्याच्या दिशेला गाडी लावली तर सकाळी टपावर काळी, हलकी राख पडलेली असते. बॉयलरमध्ये जळालेल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, ही राख बोटाने सहज चिरडते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण ऊस जमिनीतून पाण्याबरोबर भरपूर सिलिका शोषून घेतो आणि अंगात साठवतो. ऊस जळतो, सिलिका जळत नाही. ती राखेत तशीच उरते. ही राख कोरड्या फडक्याने झटकणं म्हणजे बॉनेटवर बारीक पॉलिश पेपर फिरवणं. सकाळी गाडी काढण्याआधी खांद्यावरच्या फडक्याने टप-बॉनेट पुसून घ्यायची आपल्याकडची सवय जुनी आहे आणि तिच्यामागे गाडीविषयीची माया आहे. तरीही रंगाला तिच्याइतकं घातक दुसरं काही नाही. धूळ असू द्यावी. नुसती बसलेली धूळ ओरखडा काढत नाही, हात फिरला की काढते.

म्हणून धुण्याचं सगळं कसब एकाच गोष्टीत आहे: कण रंगावरून घासत न नेता उचलायचा. त्याला पाणी लागतं, आणि इथे पाण्याची गोष्ट येते. याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या घाटघरला पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे पर्जन्यछायेतल्या गावांना टँकरची वाट बघावी लागते. पाऊस मोजून, भूजल मोजून, मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरवणारं पोपटराव पवारांचं हिवरे बाजारही इथलंच. अशा मुलखात नळी लावून अर्धा तास गाडीवर पाणी सोडून देणं बरं नाही. रंगालाही त्याची गरज नसते.

शेतकऱ्याच्या घरी पाठीवरचा फवारणी पंप असतोच, 16 लिटरचा. गाडीसाठी असा एक वेगळा पंप ठेवावा, औषधाचा किंवा तणनाशकाचा वापरू नये. गाडी सावलीत घ्यायची, पत्रा गार होऊ द्यायचा. मग टपापासून खाली बारीक फवारा मारून सगळं भिजवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. चिखलाचे पापुद्रे फुगून सुटतात, पुढच्या फवाऱ्यात निम्मी धूळ हात न लावता ओघळते. त्यानंतर दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळायचा, मग पुन्हा शाम्पूत. टप आधी, दारांचा खालचा भाग आणि चाकांची कमान शेवटी, कारण सगळ्यात भरड वाळू तिथेच असते. स्पंज नको. त्याचा सपाट पृष्ठभाग कणाला रंगावर दाबून धरतो, मायक्रोफायबरच्या तंतूंमध्ये मात्र कण आत शिरून बसतो.

धुऊन झाल्यावर साध्या पाण्याची बादली हलवू नका. थोड्या वेळाने वरचं पाणी अलगद ओतून द्या आणि तळाचा गाळ चिमटीत घेऊन चोळा. करकरतो. दुसरी बादली नसती तर हे सगळं गाडीवर परत गेलं असतं.

शाम्पूऐवजी भांड्यांचा साबण घ्यायला हरकत काय, असं पुष्कळ जण विचारतात. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं तेलाकडे. तेलकट मळाभोवती असे रेणू गोळा होतात आणि त्याला पाण्यात तरंगत नेतात. भांड्यांचा साबण यात फार पटाईत असतो, इतका की तो गाडीवरचं मेणही तेलकट मळ समजून घेऊन जातो. गाडीच्या शाम्पूत सौम्यपणा आणि बुळबुळीतपणा जास्त असतो, आणि हा बुळबुळीतपणाच मोज्याला कणावरून घसरू देतो.

पाणी ओतून झालं की काम संपत नाही. बोअरचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं, तेच गीझरच्या कॉइलवर पांढरं साचतं. गाडीवर थेंब वाळला की त्याचं पांढरं कडं उरतं. सगळा क्षार कडेलाच का? 1997 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन, सिडनी नेगेल आणि सहकाऱ्यांनी सांडलेल्या कॉफीच्या डागावरून याचं उत्तर शोधलं. थेंबाची कड पृष्ठभागाला धरून बसते आणि पाणी कडेला सगळ्यात वेगाने उडतं. ती तूट भरून काढायला मधलं पाणी सतत कडेकडे वाहत राहतं आणि आपल्याबरोबरचा माल तिथे टाकत जातं. एवढ्याशा थेंबात अशी नदी वाहत असते! उपाय साधा आहे. थेंबाला वाळू न देता मऊ, जाड टॉवेल ठेवून पाणी टिपून घ्यायचं, रगडायचं नाही. शेवटच्या हातासाठी बोअरऐवजी धरणाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम. जुने डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून, गार पत्र्यावर, क्षणभर लावून लगेच धुतले की बहुतेक विरघळतात.

आता मेण. गाडीच्या मेणांत नावाजलेलं मेण कार्नोबा. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या, दुष्काळी पट्ट्यातल्या एका ताडाच्या पानावर ते तयार होतं. पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड स्वतःला ते लावून घेतं. लोक पानं कापून वाळवतात, झोडपतात आणि पडलेली पूड वितळवतात. ते 80 अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणून उन्हात तापलेल्या बॉनेटवरही टिकून राहतं. दुष्काळाशी झगडणाऱ्या झाडाचं चिलखत आपण दुष्काळी मुलखातल्या गाडीला चढवतो, हे कळल्यापासून मेणाच्या डबीकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. आणि ही विद्या काही त्या ताडाचीच नाही. शेतात उसाच्या कांड्यावर बोट फिरवा, पांढुरकी भुकटी लागेल. ते उसाचं मेण. गाळपानंतर ते मळीबरोबर बाहेर पडतं आणि त्या मळीतून वेगळंही काढता येतं.

मेण लावलेल्या पत्र्यावर पाणी गोळा होऊन थेंब उभे राहतात, कारण पाण्याच्या रेणूंना मेणापेक्षा एकमेकांची ओढ जास्त. अळवावरचं पाणी याहून पुढचं: त्या पानावर मेणही असतं आणि सूक्ष्म उंचवटेही, त्यामुळे थेंब जवळजवळ पूर्ण गोल होऊन धूळ घेत घरंगळतो. गाडीला उंचवटे परवडत नाहीत, ते आले की चकाकी गेली. म्हणून गाडीवरचा थेंब आपण होऊन सहसा घरंगळत नाही, बसून राहतो, आणि क्षाराच्या पाण्याचा असेल तर ठळक डागही पाडतो. मेण लावलं म्हणून टिपणं टळत नाही. मेण ओरखडेही अडवत नाही. सिरॅमिक कोटिंग मेणापेक्षा पुष्कळ टिकतं, पण त्याच्या जाहिरातीतला ‘9एच’ हा आकडा दगडांच्या मोजपट्टीवरचा नाही. तो शिसपेन्सिलीच्या टणकपणाचा आहे. गारगोटीपुढे हे कोटिंगही हरतं.

पक्ष्यांची शीट मात्र पुढच्या धुण्यापर्यंत थांबत नाही. दुपारी तापलेला क्लिअर कोट किंचित मऊ पडतो, संध्याकाळी गार होताना आवळतो, आणि वाळत चाललेल्या खरखरीत शिटेचा ठसा धरूनच टणक होतो. त्यात तिच्यातल्या आम्लाची भर. कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्याने ओला रुमाल गाडीत ठेवावा. शिटेवर पाच मिनिटं ठेवून मग उचलावा, पुसू नये.

खंडेनवमीला गाड्या धुऊन बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढतात. हळदीचा पिवळा डाग उन्हाने आपोआप फिका होतो, तो घासत बसू नये. स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढलं तर उन्हाची वाट बघायलाही नको: काचेत रंग मुरत नाही आणि ती क्लिअर कोटपेक्षा कितीतरी टणक असते, तेव्हा दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने बिनघोर पुसता येतं.