खाणीचा गाळ आणि शेतातील जड धातू : तपासणी कशी करावी?

गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे भागात पावसाळ्यात खाणींवरचे ढिगारे वाहतात आणि तांबडा गाळ ओढ्यांतून भातशेतीत येऊन बसतो. एक टन लोहखनिजासाठी तिथे साधारण अडीच ते तीन टन निरुपयोगी माती-दगड उपसावे लागतात. हे ढीग मांडवी-जुवारीच्या पाणलोटातच पडले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये खाणकाम थांबवले, २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. पण बांधाच्या आत आलेला गाळ त्यामुळे कमी होत नाही.

या बारीक गाळाने जमिनीची छिद्रे बुजतात. भातखाचरात पाणी साचले की मातीतील प्राणवायू संपतो, लोह आणि मँगेनीज विरघळतात आणि पीक ते गरजेपेक्षा जास्त शोषते. पानांवर तपकिरी ठिपके पडतात, मुळांवर तांबडा थर चढतो. इथे निदान पीक स्वतः सांगते.

कॅडमियम असे सांगत नाही. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात कामिओका या जस्ताच्या खाणीतून आलेले कॅडमियम पाटाच्या पाण्याने भाताच्या शेतात गेले. ते तांदळात उतरले आणि खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ झाली. हा आजार खाणीतील कॅडमियममुळे झाल्याचे तेथील सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. सुमारे ८६० हेक्टर जमिनीची माती सुधारण्याचे काम २०१२ पर्यंत चालले.

दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारीला धातूची खाण नाही, मग इथल्या शेतकऱ्याने हे का वाचावे? शहराचे सांडपाणी, रंगाईचे पाणी, कचऱ्यापासून केलेले खत यांतूनही शिसे, कॅडमियम, क्रोमियम शेतात येऊ शकते. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू बहुधा ८ च्या आसपास असतो. अशा मातीत शिसे आणि कॅडमियम घट्ट धरून ठेवले जाते, पिकाला कमी मिळते. गोव्याच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत ते सहज सुटते. आपल्याकडचा हा फायदा खरा, पण धरून ठेवलेला धातू जमिनीतून जातही नाही, वर्षागणिक साठत राहतो. शिवाय आर्सेनिक आणि षट्संयुजी क्रोमियम अल्कधर्मी मातीत उलट जास्त सुटे होतात.

मृद आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांत शिसे, कॅडमियम, क्रोमियम किंवा आर्सेनिक नाही. लोह, मँगेनीज, जस्त, तांबे आहे, पण ते पिकाला कमी पडते का हे पाहण्यासाठी. म्हणून पत्रिका चांगली आली म्हणजे जमीन स्वच्छ आहे असे समजू नये. जड धातूंची तपासणी प्रयोगशाळेला वेगळी सांगावी लागते. ती नेहमीच्या माती परीक्षणापेक्षा महाग पडते.

नमुना घेताना एक चूक हमखास होते : फक्त संशयित शेताचाच नमुना पाठवला जातो. आपली काळी माती बेसॉल्टची. या खडकात क्रोमियम, निकेल, तांबे मुळातच बऱ्यापैकी असते. आकडा मोठा दिसला म्हणून बाहेरून काही आले असे सिद्ध होत नाही. जिथे सांडपाणी किंवा गाळ कधीच गेला नाही, अशा त्याच प्रकारच्या जवळच्या शेताचा नमुना सोबत पाठवावा. दोन्हींतला फरक महत्त्वाचा. वरच्या १५ सेंटीमीटरचा आणि खालच्या १५ ते ३० सेंटीमीटरचा असे वेगळे नमुने घ्यावेत. बाहेरून आलेला धातू बहुधा वरच्या थरात जास्त सापडतो. गंजलेले खुरपे आणि जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरू नये, त्यांचाच धातू अहवालात दिसेल.

फरक मोठा निघाला तर त्या तुकड्यात पालक, मेथी, कोथिंबीर घेऊ नये. पालेभाज्या हे धातू दाण्यापेक्षा जास्त साठवतात. तिथे कापूस परवडतो. चाऱ्याचे पीक मात्र नको, कारण धातू जनावरामार्फत घरात येतो. आणि शहरी कंपोस्ट घेताना विक्रेत्याकडे अहवाल मागावा : खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.