गेममधली बतावणी

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांच्या नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात आणि जुन्नर-आंबेगावची यात्रेची मंडळी सुपारी द्यायला येतात. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम सगळ्यांना पाठ. पण बतावणीत सोंगाड्या आज काय बोलेल, ते समोरच्या गड्यालाही ठाऊक नसतं. व्हिडिओ गेममध्येही असेच दोन प्रकार: काही प्रसंग आधीच लिहिलेले, म्हणजे स्क्रिप्टेड, काही नियमांच्या घुसळणीतून आपोआप उपजलेले, म्हणजे इमर्जंट.

गैरसमज: गेममध्ये घडतं ते सगळं कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं.

वस्तुस्थिती: सप्टेंबर 2005. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये हक्कार नावाचा राक्षस लढताना खेळाडूंना एक संसर्गजन्य शाप द्यायचा. तो त्या लढाईपुरताच असावा, अशी योजना. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो शहरांत पोहोचला आणि नवख्यांची पात्रं पटापट मरू लागली. कुणी शहर सोडून पळालं, कुणी आजाऱ्यांवर उपचार करत बसलं, तर काही महाभागांनी मुद्दाम साथ पसरवली! शेवटी कंपनीला सर्व्हरच नव्याने सुरू करावे लागले. यातलं एक पानही कुणी लिहिलेलं नव्हतं. पुढे 2007 मध्ये साथरोगतज्ज्ञांनी 'द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये या साथीवर लेख लिहिला.

गैरसमज: लिहिलेलं नाही, म्हणजे नशिबाचा खेळ.

वस्तुस्थिती: फासे सारीपाटात पडतात, बुद्धिबळात नाही, तरी पटावर रोज नवा डाव उभा राहतो. 1980 च्या 'पॅकमॅन'मधली भुतं वाटेल तशी धावतात असं वाटतं. प्रत्यक्षात लाल भूत थेट पाठलाग करतं, तर गुलाबी भूत पॅकमॅनच्या पुढची जागा गाठायला बघतं. चार भुतांचे चार नियम, आणि त्यांतून होणारी कोंडी मात्र सगळ्यांची मिळून.

गैरसमज: स्क्रिप्टेड म्हणजे कमअस्सल.

हे मला मुळीच पटत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये आणलेल्या 'राजी'ची गोष्ट लिहिलेलीच आहे, आणि ती तशीच हवी. शिवाय बहुतेक गेममध्ये दोन्हींची सरमिसळ असते. वसंत सबनीसांनी लिहिलेल्या 'विच्छा माझी पुरी करा'त दादा कोंडके ऐनवेळचं घालत, ते तरी वेगळं काय होतं?

ओळखायचं कसं? एकच प्रसंग दोनदा, वेगवेगळ्या तऱ्हेने खेळून पाहा. समजा, दोन्ही वेळा गेममधला पूल त्याच क्षणी कोसळला, तर तो बहुधा लिहिलेला आहे.