भिंतींचे दफ्तर

बेलफास्टच्या कामगारवस्तीत विटांच्या घरांची रांग जेथे संपते, तेथे अखेरच्या घराची त्रिकोणी माथ्याची, बिनखिडकीची बाजू रस्त्याला उघडी पडते. आणि उत्तर आयर्लंडच्या राजकारणाने आपले मनोगत रंगवण्यास प्रायः हीच जागा निवडली आहे. ही भित्तिचित्रे ऊन-पावसाने विटतात, विरुद्ध पक्ष त्यांवर रंग फेकतो, प्रसंगी काढणारेच ती पुसून नवी काढतात. म्हणून अल्स्टर विद्यापीठातील समाजशास्त्राचे माजी प्राध्यापक बिल रोल्स्टन यांनी १९८१ पासून त्यांची छायाचित्रे घेऊन १९९२ ते २०१३ या काळात चार खंडांत ती प्रसिद्ध केली, हे एका नश्वर दफ्तराचे जतनच होय.

कलासमीक्षक चित्राचे सौंदर्य पाहील. समाजशास्त्रज्ञाला मात्र ते कोणी काढले, कोणाच्या संमतीने आणि कोणाला उद्देशून, हे विचारावे लागते. ब्रिटननिष्ठ प्रॉटेस्टंटांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून, १६९० साली बॉइन नदीकाठी विजयी झालेला राजा तिसरा विल्यम, पांढऱ्या घोड्यावर आरूढ असा, १२ जुलैच्या उत्सवासाठी भिंतींवर रंगवला, कारण अंमल त्यांचा होता, म्हणून रस्ताही त्यांचाच होता. आयर्लंडशी एकीकरण मागणाऱ्या कॅथलिक राष्ट्रवाद्यांची स्थिती याच्या अगदी उलट: त्यांचा आयरिश तिरंगी ध्वज शांतताभंगाच्या सबबीवर उतरवण्याचा अधिकार १९५४ च्या कायद्याने पोलिसांस दिलेला असताना भिंत रंगवण्याचे धाडस करावे कोणी? ते धाडस १९८१ साली झाले. राजकीय कैद्यांचा दर्जा मिळावा म्हणून मेझ तुरुंगात दहा प्रजासत्ताकवादी कैद्यांनी उपोषणात प्राण दिले. त्यांतील बॉबी सँड्स उपोषण चालू असतानाच ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले आणि ६६ व्या दिवशी, ५ मे रोजी, निवर्तले. त्या वर्षी कॅथलिक वस्त्यांतील तरुणांनी हाती कुंचले घेतले, आणि रोल्स्टन यांच्या संग्रहाचा आरंभही त्याच वर्षीचा आहे.

या दफ्तरातील सर्वांत उद्बोधक प्रकरण मला कूखुलिन या आयरिश पुराणपुरुषाचे वाटते. खांबाला स्वतःला बांधून घेऊन उभ्याने मरण पत्करणारा हा वीर, डब्लिनच्या टपाल कचेरीतील पुतळ्यावरून, प्रजासत्ताकवाद्यांच्या भिंतीवर हुतात्म्यांचे प्रतीक म्हणून येतो. तोच वीर, तशाच मुद्रेत, ब्रिटननिष्ठांच्या भिंतीवर आयरिश आक्रमणापासून अल्स्टर या उत्तरेकडील प्रांताचे रक्षण करणारा म्हणून उभा राहतो. साडेतीन हजारांहून अधिक बळी घेणाऱ्या कलहातील दोन्ही पक्षांनी एकाच पूर्वजावर दावा सांगावा, ही गोष्ट कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा या भिंतीच अधिक स्पष्टपणे सांगतात.

हा कलह मिटवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर बंदूकधारी बुरखेधाऱ्यांची चित्रे हटवून तेथे सौम्य विषय यावेत, यासाठी २००६ पासून कलामंडळाने अनुदानाची योजना राबवली. हेतू निःसंशय चांगला होता; तथापि वस्तीच्या मनातला बदल आधी आणि भिंतीवरला नंतर, हा क्रम मला अधिक विश्वासार्ह वाटतो. उदाहरणार्थ, डेरीच्या बॉगसाइड भागात १९७१ साली गोळीबारात मारल्या गेलेल्या चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचे मोठे चित्र आहे. त्यातील फुलपाखरू चित्रकारांनी प्रथम बिनरंगाचे ठेवले होते. शांतता टिकते आहे अशी खात्री पटल्यावर, २००६ साली, त्यांनी त्यात रंग भरला आणि शेजारची अखंड बंदूक मोडकी करून दाखवली. हा फेरफार केवळ आजची भिंत पाहून कळणार नाही. त्यासाठी आधीचे छायाचित्रच हवे. द्वेषाची चित्रे पुसावीत, अवश्य पुसावीत. मात्र चुन्याचा हात फिरवण्यापूर्वी त्यांची नोंद व्हावी, इतकीच रोल्स्टन यांच्या उद्योगाची मागणी आहे, आणि ती रास्त आहे.