शेवटचा दिवस शांघायचा

परदेशातल्या सहलीचा शेवटचा दिवस हा बहुधा बॅगांचा दिवस असतो. शांघायच्या हॉटेलात न्याहारीच्या टेबलावरही चर्चा एकच, कुणाची बॅग किती किलो भरली? घरून आणलेला चिवडा आणि उरलेले लोणचे परत न्यायचे की इथेच संपवायचे, यावरून नवराबायकोत मतभेद होतात. आठ-दहा दिवसांपूर्वी विमानतळावर एकमेकांकडे परकेपणाने पाहणारी माणसे आता एकमेकांच्या बॅगांवर बसून चेन लावून देतात.

२०२० मध्ये बंद पडलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि चीनच्या सहलींचे बेतही पुन्हा आखले जाऊ लागले. अशा सहलींचा नेहमीचा मार्ग म्हणजे बीजिंग, शिआन आणि शेवटी शांघाय. तोवर चीनची भिंत चढून झालेली असते. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडलेली मातीच्या सैनिकांची फौज पाहून झालेली असते. बीजिंग-शांघाय हे १,३१८ किलोमीटरचे अंतर वेगवान रेल्वेने साडेचार तासांत कापल्याचे कौतुकही ओसरलेले असते. रात्रीचे विमान असेल तर हाती उरतो तो एक अख्खा दिवस. तो कसा जातो?

खरेदीला नाही म्हणता येते

पुष्कळदा तो दुकानांत जातो. रेशीम, मोती, चहा, जेड. बस एकेका शोरूमपुढे थांबते, आत हसतमुख विक्रेत्या चहाचे इवलेसे पेले पुढे करतात आणि मग काहीतरी घेतल्याशिवाय निघणे भल्याभल्यांना जड जाते.

अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवावी. चीनमध्ये ऑक्टोबर २०१३ पासून पर्यटन कायदा लागू आहे. दोन्ही बाजूंनी आधी ठरले नसेल किंवा पर्यटकांनी स्वतः मागणी केली नसेल, तर सहल कंपनीला ठराविक दुकानांत नेऊन खरेदी करायला लावता येत नाही. म्हणून सहलीचे पैसे भरण्यापूर्वीच कार्यक्रमपत्रिकेत दुकानांच्या भेटी किती आहेत, हे विचारून घ्यावे. शेवटच्या दिवशी बसमध्ये वाद घालण्यापेक्षा ते बरे.

खरेदी करूच नये असे नाही. रेशीम घेताना शक्य असल्यास सुटा धागा मागून जाळून पाहावा. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. जुन्यापुराण्या वस्तूंच्या मोहात मात्र पडू नये. १९११ पूर्वीच्या पुरावस्तू देशाबाहेर नेण्यास तिथे बंदी आहे.

छत्र्यांवरची स्थळे

शेवटचा दिवस शनिवार किंवा रविवार असेल, तर दुकानांतला एक तास वाचवून शहराच्या मध्यावर असलेल्या पीपल्स पार्कमध्ये जावे. नानजिंग रोड या प्रसिद्ध बाजाररस्त्याला लागूनच ही बाग आहे. पाऊस नसला तरी तिथे वाटांच्या कडेला ओळीने उघड्या छत्र्या मांडलेल्या दिसतात. प्रत्येक छत्रीवर एक कागद चिकटवलेला आणि मागे छोट्या स्टुलावर बसलेली एखादी आई, नाहीतर थर्मासमधून गरम पाणी पिणारे वडील.

हा लग्नाचा बाजार आहे. कागदावर मुलाचे किंवा मुलीचे जन्मसाल, उंची, शिक्षण, नोकरी आणि पगार लिहिलेला असतो. स्वतःचे घर आहे का, शांघायची कायम रहिवासी नोंद आहे का, हेही असते. काही जण जन्मवर्षाचा प्राणीही पाहतात. गाईडने चार ओळी वाचून दाखवल्या, की पुढचे भाषांतर गटातल्या बायकांना लागत नाही. वधूवर सूचक मंडळाची वही त्यांनी उभ्या आयुष्यात कमी वेळा चाळलेली नसते.

गटात घरी लग्नाची मुलगी असलेली एखादी आई असतेच. ती एका छत्रीपुढे थबकते. पलीकडची चिनी आई मोबाइलमध्ये काहीतरी बोलते आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरे उमटतात, ‘तुमचा मुलगा आहे का?’ ही मान हलवते आणि बोटांनी एकतीस दाखवते, मुलीचे वय. दोघी हसतात. मग हसू थोडे मावळते आणि दोघी एकमेकींकडे नुसत्याच बघत राहतात.

त्या छत्र्यांमागची काळजी समजून घेण्यासारखी आहे. १९८० च्या सुमारास लागू झालेले एकच अपत्य धोरण २०१६ च्या सुरुवातीला संपले. बागेत ज्यांची स्थळे मांडलेली असतात, त्यांतले बरेचसे त्या धोरणाच्या काळात जन्मलेले एकुलते एक आहेत. आपल्यामागे या मुलाला ना भाऊ ना बहीण, ही चिंता आईबापांना बागेत आणून बसवते. कित्येकदा मुलांना याचा पत्ताही नसतो.

त्यातही मुलींच्या वाट्याला एक कडू शब्द येतो. सत्तावीस-अठ्ठावीस ओलांडलेल्या, शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलीला तिथे ‘शंगन्यू’ म्हणतात. अर्थ, उरलेली बाई. २०२० च्या जनगणनेत चीनमध्ये दर १०० स्त्रियांमागे १०५ पुरुष मोजले गेले, तरीही ‘उरली’ म्हणायचे ते मुलीलाच! हे ऐकून गटातल्या बायका गप्प होतात. तसा शब्द आपल्याकडे नाही, असे कुणालाच म्हणवत नाही.

तिथे एवढे मात्र पाळावे, की न विचारता कुणाचे फोटो काढू नयेत, कागदांचेही नाहीत. आपल्यासाठी ती गंमत असली तरी त्यांच्यासाठी तो घरचा प्रश्न आहे.

निघण्यापूर्वी

संध्याकाळी बंड या नदीकाठच्या रस्त्यावर एक फेरी मारावी. अलीकडे जुन्या बँकांच्या दगडी इमारती आणि ह्वांगपू नदीपलीकडे ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर. मात्र वेळेचे भान ठेवून.

पुदोंग विमानतळावर तीन तास आधी पोचलेले बरे. एकाच दुकानातून एका दिवशी २०० युआन किंवा त्याहून जास्त खरेदी केली असेल आणि दुकान करपरताव्याच्या योजनेत असेल, तर पावत्या आणि वस्तू कस्टम्सला दाखवून पैसे परत मिळतात. त्या वस्तू आधीच मोठ्या बॅगेत घालून विमान कंपनीच्या हवाली केल्या, तर दाखवणार काय? पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत ठेवावी आणि लायटर हॉटेलवरच सोडावा.

विमानतळावर गाईडचा निरोप घेताना गडबड असतेच. कुणी बक्षिसीचे पाकीट देते, कुणी चिवड्याचे उरलेले पुडके तिच्या हातात ठेवते. ‘तिखट आहे हं,’ असे बजावायला विसरत नाही. ती हात हलवून म्हणते, ‘त्साय च्येन.’ चिनी भाषेत निरोपाच्या या शब्दाचा अर्थ आहे, पुन्हा भेटू. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

मग रांग पुढे सरकते. ती एकतीस वर्षांच्या मुलीची आई रांगेत उभ्या उभ्याच घरी फोन लावते. भारतातले घड्याळ अडीच तास मागे असल्यामुळे मुलगी अजून ऑफिसातून परतलेलीही नसते. ‘काय आणलंस माझ्यासाठी?’ मुलगी विचारते. ‘रेशमी स्कार्फ,’ आई सांगते. आणि या वेळी, बऱ्याच महिन्यांनंतर प्रथमच, लग्नाचा विषय न काढता फोन ठेवते.