जखमा बदलल्या, तसा पेशा बदलला

पुण्यातलं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचं. दुसरं महायुद्ध अजून संपलं नव्हतं आणि हातपाय गमावलेले सैनिक आघाड्यांवरून परतत होते. त्यांच्यासाठी लष्कराने उभारलेल्या या केंद्राची दारं पुढे नागरिकांसाठीही उघडली. त्या काळी हे काम शिकवणारी पदवी देशात नव्हती. लाकूड कोरणारे, चामडं शिवणारे, पत्रा ठोकून आकार देणारे कारागीर डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाय घडवत. या कारागिरीचा पुढे पेशा कसा झाला, हे पाहताना जाणवतं की त्या त्या काळाची जखम, त्या त्या काळाचा आजार हाच या मंडळींचा खरा शिक्षक होता.

युद्धानंतरचा मोठा शिक्षक पोलिओ. मुंबईत हाजी अलीला १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था सुरू झाली. पोलिओत पाय जागेवर असतो, त्यातलं बळ जातं. म्हणजे नवा पाय द्यायचा नाही, आहे त्यालाच उभं करायचं. त्यासाठी कॅलिपर. मांडीपासून बुटापर्यंत दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या, मध्ये चामड्याचे पट्टे आणि गुडघ्याशी एक कडी. उभं राहिलं की कडी खाली सरकते आणि गुडघा ताठ राहतो. बसताना ती हाताने वर ओढायची. मूल वाढतं, कॅलिपर वाढत नाही. म्हणून पट्ट्या लांबवायला, बूट बदलायला मूल पुन्हा पुन्हा त्याच टेबलाशी यायचं. कॅलिपर बनवणाऱ्याने पेशंटला लहानाचं मोठं होताना पाहिलेलं असायचं.

कापलेल्या पायाचा प्रश्न मात्र वेगळ्याच ठिकाणी अडला होता. परदेशी धाटणीचा पाय बुटाशिवाय चालत नसे, आणि आपला माणूस तर घरात अनवाणी वावरणारा, जेवायला मांडी घालणारा, शेतात उकिडवा बसणारा. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचं, घोट्याशी सगळीकडे वळणारं पाऊल बनवलं. ते अनवाणी चाले, चिखलात चाले, उकिडवं बसू देई. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हे पाऊल मोफत, मोठ्या संख्येने लोकांपर्यंत पोचू लागलं. १९८१ मध्ये सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अपघातात पाय गमावलेली मुंबईची नर्तकी सुधा चंद्रन १९८४ मध्ये हेच पाऊल लावून पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. तिच्यावरच्या १९८६ च्या ‘नाचे मयूरी’ या चित्रपटामुळे तर हे पाऊल ‘जयपूर फूट’ या नावाने घराघरात पोचलं.

या प्रसिद्धीने पेशाचं भलं केलं, तसा एक गैरसमजही रुजवला: पाय ही वाटायची वस्तू आहे, एका दिवसात मिळते, शिबिरात जाऊन घेऊन यायची. तयार सुटे भाग कारखान्यात बनू शकतात. कानपूरच्या अ‍ॅलिम्को या सरकारी कंपनीची स्थापना १९७२ ची, आणि तिथे १९७६ पासून ते बनतही आहेत. कारखान्यात बनत नाही ते सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो मापाने घडवलेला भाग.

सगळी विद्या या सॉकेटमध्ये आहे. उरलेल्या पायावर, म्हणजे स्टंपवर, प्लास्टरची पट्टी गुंडाळून साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतून स्टंपची प्रतिकृती काढायची आणि मग ती हाताने खरवडायची, कुठे भर घालायची. गुडघ्याच्या वाटीखालची जाड कंडरा भार सोसते, तिथे दाब वाढवायचा. नडगीची धार आणि बाहेरच्या बाजूच्या फिब्युला या हाडाचं टोक भार सोसत नाही, तिथे मोकळीक ठेवायची. त्यानंतर चालून पाहायचं. पाऊल किंचित आत किंवा बाहेर बसलं तरी गुडघा आणि कंबर तक्रार करतात. बूट लागला तर काढून ठेवता येतो. सॉकेट लागलं तर माणूस त्या दिवशी कामावर जात नाही. शिवाय ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने स्टंप आटत जातो. आधी एक मोजा वाढवावा लागतो, मग दुसरा, आणि शेवटी नवं सॉकेट. पहिला पाय हा शेवटचा पाय कधीच नसतो. शिबिर संपवून गाडी पुढच्या जिल्ह्यात गेली की अनेकांचा पाय कोपऱ्यात पडून राहतो, तो बहुतेकदा याच कारणाने.

हे काम अंदाजाने करायचं नाही, याला कायद्याची मान्यता १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने आली. परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय प्रॅक्टिस करणं हा गुन्हा ठरला. बारावी विज्ञानानंतर बी.पी.ओ. (बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स) ही पदवी, शेवटी सहा महिन्यांची इंटर्नशिप, पुढे एम.पी.ओ. अशी वाट पडली. हाजी अली, कोलकाता, ओडिशातलं ओलातपूर ही त्या वाटेवरची जुनी ठिकाणं. शरीररचना आणि यंत्रशास्त्र शिकलेली मुलं-मुली कारागिरांच्या शेजारी उभी राहिली. कारागिराचा हात आणि पदवीधराचं शास्त्र यांचं जिथे जमलं, तिथली कामं उत्तम झाली.

तेवढ्यात शिक्षक पुन्हा बदलला. जानेवारी २०११ मध्ये पोलिओचा शेवटचा रुग्ण हावड्यात आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. कॅलिपरचं टेबल ओसरू लागलं. आता खुर्चीत मधुमेहाने पाय गमावलेला मध्यमवयीन माणूस असतो, त्याच्या दुसऱ्या पायाची संवेदनाही गेलेली असते. दुचाकीच्या अपघातातला तरुण असतो, लोकलमधून पडलेला प्रवासी असतो. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला पोलादाऐवजी पॉलिप्रॉपिलिनचा हलका आधार लागतो. वाकड्या पावलाने जन्मलेल्या बाळाचं पाऊल प्लास्टरने सरळ केल्यावर पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत ब्रेस घालावा लागतो. आईने कंटाळून तो सोडला, की पाऊल पुन्हा वळण्याची भीती. म्हणजे इथे आईला समजावणं हाही उपचारच.

प्लास्टरच्या जागी आता स्कॅनर येतो आहे, लाकडाच्या जागी कार्बन फायबर आला. साचा लवकर निघेल, वजन घटेल. पण पेशंट ‘इथे लागतंय’ म्हणतो, तेव्हा नेमकं कुठे आणि का, हे हाताने चाचपूनच कळतं. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने म्हणूनच नोकरी शोधताना तिथली यंत्रं नंतर पाहावीत. आधी विचारावं, की पाय दिलेला माणूस सहा महिन्यांनी इथे परत येतो का, आणि आला तर त्याच्यासाठी कुणाला वेळ असतो का. ज्या ठिकाणी याचं उत्तर ‘हो’ आहे, तिथेच हा पेशा शिकता येतो.