विश्लेषण : कच्च्या तेलाचा ‘ठसा’ कसा वाचतात?

पावसाळ्याच्या तोंडावर गोवा, गुजरात आणि मुंबईच्या किनाऱ्यांवर डांबराचे काळे गोळे वाहून येतात. ते कोणत्या तेलाचे, हे कळले तरच जबाबदारी निश्चित करता येते. डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या या तेलांतील फरक दाखवण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ आलेखांचा आधार घेतात.

अडचण काय?

कच्चे तेल हे हजारो संयुगांचे मिश्रण आहे. शक्तिशाली चुंबक असलेल्या आधुनिक मास स्पेक्ट्रोमीटरने एकाच नमुन्यात दहा हजारांहून अधिक रेणुसूत्रे ओळखता येतात. तीन कार्बनच्या जागी एक गंधक आणि चार हायड्रोजन आले, तर रेणूच्या वस्तुमानात फरक पडतो केवळ ०.००३४ एककाचा. यंत्र तो टिपते. पण आकड्यांच्या एवढ्या लांबलचक यादीतून माणसाला काहीच उमगत नाही.

केंड्रिक आलेख म्हणजे काय?

तेलातील अनेक रेणू एकाच कुळातले असतात. त्यांच्यात फरक असतो तो एक कार्बन आणि दोन हायड्रोजन यांच्या तुकड्याचा. या तुकड्याचे वस्तुमान १४.०१५६५. केंड्रिक यांनी १९६३ मध्ये ते नेमके १४ मानून मोजपट्टीच बदलली. त्यामुळे कुळातील सगळ्या रेणूंच्या वस्तुमानाचा अपूर्णांकी भाग सारखा येतो. तो उभ्या अक्षावर आणि वस्तुमान आडव्या अक्षावर मांडले, की प्रत्येक कुळ एका आडव्या रेषेत दिसते. रेषेतील एका रेणूचे सूत्र समजले की बाकीची सूत्रे ओघानेच मिळतात.

दुसरा आलेख कशासाठी?

फान क्रेव्हेलेन यांनी १९५० मध्ये कोळशाच्या अभ्यासासाठी सुचवलेल्या आलेखात एका अक्षावर हायड्रोजन-कार्बन, तर दुसऱ्यावर ऑक्सिजन-कार्बन गुणोत्तर असते. एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ दुर्घटनेनंतर तेल ८७ दिवस वाहत होते. किनाऱ्यावर उन्हापावसात पडून राहिलेल्या त्या तेलात ऑक्सिजनयुक्त संयुगे वाढल्याचे आढळले. आलेखावर असे ठिपके ऑक्सिजनच्या बाजूला सरकतात. म्हणजे तेल ‘नाहीसे’ झाले असे वाटते, तेव्हा त्याचा काही भाग केवळ रूप बदललेला असतो.

मग गुन्हेगार कसा सापडतो?

त्यासाठी हवामानाला दाद न देणारे रेणू लागतात. प्राचीन जिवाणूंच्या पेशीपटलांपासून बनलेले होपेन हे त्यांपैकी एक. त्याच्या निरनिराळ्या प्रकारांचे परस्पर प्रमाण प्रत्येक तेलक्षेत्रात वेगळे असते. किनाऱ्यावरचा नमुना आणि संशयित जहाजातले किंवा विहिरीतले तेल यांचे आलेख शेजारी ठेवून ही प्रमाणे ताडून पाहतात.

सावधगिरी कोणती?

ठिपका मोठा म्हणजे पदार्थ जास्त, असे नेहमीच नसते. काही रेणूंवर विद्युतभार सहज चढतो. असे रेणू यंत्राला जास्त ठळक दिसतात, तर काही दिसतच नाहीत. म्हणून नमुने एकाच पद्धतीने तपासले असतील, तरच त्यांच्या आलेखांची तुलना ग्राह्य धरावी.