स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आणि औषधांची जबाबदारी

वार्धक्यात थोडाफार विसराळूपणा येणे स्वाभाविक मानले जाते. परंतु नुकतेच झालेले जेवण न आठवणे, नित्याच्या रस्त्यावर वाट चुकणे, घरच्या माणसांची ओळख न पटणे ही केवळ वयाची लक्षणे नव्हेत. जर्मन मानसरोगतज्ज्ञ आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली अशा एका रुग्णाची हकीकत प्रथम मांडली. त्यांच्याच नावाने हा आजार आज ओळखला जातो.

या आजाराच्या औषधोपचारात एक वेगळीच अडचण असते. ज्याने औषध घ्यावयाचे, त्यालाच ते घेतल्याचे स्मरण राहत नाही. परिणामी एकच गोळी दोनदा घेतली जाते किंवा कित्येक दिवस घेतलीच जात नाही. म्हणून औषधांची जबाबदारी रुग्णावर न सोपविता घरातील एका निश्चित व्यक्तीने स्वीकारणे हा सुरक्षित उपचाराचा पाया होय.

औषधांचे कार्य

स्मरणशक्तीस साहाय्यभूत असणारे असेटिलकोलीन हे द्रव्य या आजारात मेंदूत कमी पडू लागते. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन व गॅलॅन्टामिन ही औषधे त्याचे विघटन मंदावतात. मेमँटिन हे औषध ग्लुटामेट या दुसऱ्या द्रव्याच्या अतिरेकी परिणामास आळा घालते. या औषधांनी आजार समूळ बरा होत नाही. काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य राहतात. ही मर्यादा ध्यानात न घेता, गुण लवकर यावा म्हणून मात्रा परस्पर वाढविणे धोक्याचे आहे.

डोनेपेझिल सामान्यतः रोज ५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात व निदान चार आठवड्यांनंतर, आवश्यक वाटल्यास, डॉक्टर ती मात्रा १० मिलिग्रॅम करतात. मात्रा सावकाश वाढविल्याने मळमळ, उलट्या, जुलाब व भूक मंदावणे हे त्रास कमी होतात. या गटातील औषधांनी नाडीची गती मंदावून घेरी येऊ शकते. म्हणून हृदयविकार, दमा किंवा पोटातील व्रण असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. मेमँटिन देताना मूत्रपिंडाचे कार्य विचारात घ्यावे लागते.

रिव्हास्टिग्मिन त्वचेवर चिकटविण्याच्या पट्टीतूनही देतात. नवी पट्टी लावण्यापूर्वी जुनी काढलीच पाहिजे. एकाच वेळी अनेक पट्ट्या अंगावर राहिल्याने क्वचित मृत्यूही ओढवले आहेत. उपचारात तीन दिवसांहून अधिक खंड पडल्यास पूर्वीची मात्रा परस्पर सुरू करू नये, डॉक्टरांना विचारावे.

इतर औषधांपासून सावधानता

सर्दी व ॲलर्जीवरील क्लोरफेनिरामिन, लघवीच्या तक्रारीवरील ऑक्सिब्युटिनिन अशी काही औषधे असेटिलकोलीनच्या कार्यास विरोध करतात व रुग्णाचा गोंधळ वाढवितात. रुग्ण फार अस्वस्थ झाला म्हणून मानसिक विकारावरील औषधे परस्पर देणे तर अधिकच घातक. अशा औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला आहे.

घरात पाळावयाची शिस्त

औषधे कुलूपबंद ठेवावीत. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी वापरावी. गोळी हाती देऊन न थांबता ती गिळल्याची खात्री करावी व वहीत नोंद करावी. एखादी मात्रा चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, आयुर्वेदिक व घरगुती औषधांसह, सोबत न्यावी. जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने औषध आणत राहू नये, तसेच ते एकाएकी बंदही करू नये. रुग्णाचे वजन, नाडी व वागणुकीतील बदल यांची माहिती डॉक्टरांना वेळोवेळी द्यावी.

रुग्णाचे स्मरण क्षीण होत जाते, तेव्हा कुटुंबाने त्याचे स्मरण व्हावे लागते. औषधाची मात्रा डॉक्टर ठरवितात. ती योग्य वेळी, योग्य प्रमाणात पोटात जाते की नाही, हे मात्र घरच्या माणसांच्या दक्षतेवरच अवलंबून असते.